परसातला हौद आणि मेंडकाची पिल्ले

मृग लागून पहिला दमदार पाऊस पडला की रात्री घरामागे मेंडकांचा गलका सुरू होतो. सकाळी एखादा न्हाणीत येऊन बसलेला दिसला की घरात आरडाओरड होते. कुणी झाडू शोधतो, कुणी मिठाचा डबा. वाशिम जिल्ह्यातल्या किती तरी घरांत दर पावसाळ्यात हेच चालते. आम्ही मात्र गेली पाच वर्षे परसात त्यांच्यासाठी थोडे पाणी राखून ठेवतो. पाहुणे हसतात, शेजारी काळजी करतात आणि शाळेतली मुले वाट वाकडी करून पाहायला येतात. हा उद्योग कशासाठी, तो कसा करावा आणि त्यात जपावे कशाला, हे वाचकांना सांगावेसे वाटले.

मेंडकाला मारू नये

अबू दाऊदच्या हदीससंग्रहात हजरत अब्दुर्रहमान बिन उस्मान (र.) यांची रिवायत आहे. एका हकीमाने बेडूक औषधात वापरण्याबद्दल विचारले, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बेडकाला मारण्यास मनाई केली. औषधाच्या नावाखालीही ज्याला मारायचे नाही, त्याला केवळ किळस वाटते म्हणून मीठ टाकून तडफडवणे कसे चालेल?

घरातल्या बायकांचा एक प्रश्न नेहमीचा असतो. वुजूच्या पाण्यात मेंडक निघाला तर पाणी नापाक झाले का? हनफी फिक्हच्या ‘कुदूरी’ आणि ‘हिदाया’ या ग्रंथांत मासा, बेडूक, खेकडा असे पाण्यात राहणारे जीव पाण्यात मेले तरी पाणी नापाक होत नाही, असे सांगितले आहे. जमिनीवर राहणाऱ्या जातींचा मसला वेगळा असू शकतो, तो आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावा.

कायदाही बेडकाच्या बाजूने आहे, आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या एका माणसाचा वाटा आहे. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या मोठ्या प्रमाणावर परदेशी हॉटेलांसाठी जात. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली हे सलीम अलींचे नातलग आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे जुने कार्यकर्ते. त्यांनी १९८५ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये या निर्यातीवर लेख लिहिला. १९८७ मध्ये केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बेडकांना संरक्षण दिलेले आहे.

म्हणून पहिला नियम असा की, नाल्यातून किंवा तळ्यातून बरणीत पिल्ले भरून आणू नयेत. बेडूक इकडून तिकडे नेले तर नुकसानही होते. आपल्याकडे पहिल्या पावसात हळदीसारखा पिवळाजर्द होणारा मोठा बेडूक माणसांमुळे अंदमानात पोहोचला. तो तिथला नव्हता. आता त्याची मांसाहारी पिल्ले तिथल्या बेडकांची पिल्ले खातात. आपण फक्त पाणी ठेवावे. ज्यांना यायचे ते आपल्या पायांनी येतील.

हौद कसा करावा

आमचा हौद चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि मध्ये जेमतेम सव्वा फूट खोल आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी धरत नाही, म्हणून खड्ड्यात जाड ताडपत्री अंथरली. तिच्यावर दोन बोटे माती आणि मूठभर वाळू टाकली. एक बाजू मुद्दाम उताराची ठेवून तिथे दगड रचले. ही उताराची बाजू सर्वांत महत्त्वाची आहे. कारण पुढे येईल.

पाणी पावसाचे उत्तम. नळाचे असेल तर त्यात क्लोरीन असते, म्हणून ते उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवून मग ओतावे. अर्धा भाग सावलीत हवा. जलपर्णी आणू नये, ती सगळे पाणी व्यापते. मासे सोडू नयेत, कारण ते अंडी आणि बारीक पिल्ले खातात. सोयाबीनवर फवारणी करून आलेला पंप किंवा हात जवळपासही धुऊ नयेत. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. पाण्यातले विषही तसेच आत जाते.

गोळ्यापासून मेंडकापर्यंत

पाठ्यपुस्तकात बेडकाचे जीवनचक्र एका गोल चित्रात असते आणि मुले ते पाठ करतात. हौदाजवळ तेच चित्र पाच-सहा आठवडे चालते. आमच्याकडे बहुतेक वेळा खडबडीत कातडीचा भेक येतो. त्याची अंडी काळ्या मण्यांच्या लांबलचक माळेसारखी असतात. मोठ्या बेडकाची अंडी पाण्यावर फेसाळ थरासारखी पसरतात. दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पुस्तकात त्यांना भैकेर म्हणतात, मुले टॅडपोल म्हणतात.

भेकाची पिल्ले काळी असतात आणि झुंडीने फिरतात. ती दगडावरचे शेवाळ खरवडून खातात. हौद नवा असून शेवाळ कमी असेल तर उकडलेल्या पालकाचे एक पान तीन-चार दिवसांनी टाकावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढून घ्यावे. भात, पोळी, बिस्किटे टाकली तर पाणी सडते.

आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. शेपूट गळून पडत नाही. शरीर ती आतल्या आत जिरवते. या दिवसांत पिल्लू काही खात नाही, कारण शेवाळ खाणारे तोंड आणि लांब आतडे बदलून किडे खाणारे होत असते. हे सारे थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे घडते. गुडरनाच या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये टॅडपोलांना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा ते वेळेआधीच इवलेसे बेडूक झाले. या संप्रेरकात आयोडीन असते. मिठाच्या पुडीवर आयोडीन का लिहिलेले असते, हे वर्गात समजावताना आम्हाला याचा फार उपयोग होतो.

याच वेळी कल्ले जाऊन फुप्फुसे कामाला लागतात. आता बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर पाण्यातच जन्मलेले पिल्लू पाण्यात बुडून मरते. उतार आणि दगड हवेत ते यासाठी. एका सकाळी बोराच्या बीएवढे मेंडक दगडांवर बसलेले दिसतात आणि दोन दिवसांत गवतात पांगतात. हजारो अंड्यांतून थोडेच इथवर पोहोचतात. चतुराच्या अळ्या आणि पक्षी आपला वाटा घेतात. त्यांना हाकलत बसू नये.

काकूंचा प्रश्न

मागच्या पावसाळ्यात गल्लीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले. शेजारच्या काकूंनी तोंडावर सांगितले, ‘तुमच्या मेंडकांपायी आमच्या लेकरांना ताप येऊ देऊ नका.’ प्रश्न अगदी रास्त होता. साचलेल्या पाण्यात डास होतात हे आम्हीच वर्गात शिकवतो.

आम्ही काकूंना सोबत घेऊन चहाच्या जुन्या गाळणीने हौद तपासला. कडेच्या गवतात चार-दोन अळ्या निघाल्या. नंतर दोन्ही घरांचे कुलर, टायर आणि कुंड्यांखालच्या बश्या पाहिल्या. कुलरच्या तळाशी अळ्या वळवळत होत्या.

बेडूक म्हणजे डेंग्यूवरचे औषध, असे मात्र आम्ही काकूंना सांगितले नाही. श्रीलंकेतल्या संशोधकांना काही जातींची पिल्ले डेंग्यूच्या डासाची अंडी खाताना आढळली आहेत. कोस्टा रिका आणि पनामा या देशांत बुरशीच्या रोगाने बेडूक संपले, त्यानंतर तिथे मलेरिया वाढला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पण तेवढ्यावर कुणाच्या लेकराचा जीव टांगता ठेवता येत नाही. पावसाळ्यात अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य विभाग सांगतो तो कोरडा दिवस आम्ही दर शुक्रवारी पाळतो. बाकी सगळी भांडी उलटी करतो आणि हौद गाळणीने तपासतो. हौदात दहा दिवस एकही पिल्लू नसेल तर तो उपसून टाकायचा, असा शब्द आम्ही काकूंना दिला आहे. आता शुक्रवारी त्याच गाळणी मागतात.

आणखी तीन गोष्टी

पहिली गोष्ट सापांची. जिथे बेडूक तिथे दिवड, धामण येऊ शकते, कधी नागही. म्हणून हौद घराच्या भिंतीपासून दूर असावा, जवळ विटांचे ढीग आणि लाकडे नसावीत. रात्री बॅटरीशिवाय परसात जाऊ नये. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवावे.

दुसरी गोष्ट लहान मुलांची. रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. ज्या घरात असे मूल आहे तिथे हौदाभोवती जाळीचे कुंपण हवेच, नाही तर दोन वर्षे थांबावे. मोठ्या मुलांनी पिल्लांना हात लावला तर आधी आणि नंतर हात धुवावेत. भेकाला हात लावल्याने चामखीळ येत नाही. मात्र त्याच्या डोळ्यांमागच्या गाठींत विष असते, म्हणून तोच हात डोळ्यांना लावू नये.

तिसरी गोष्ट शेतकरी वाचकांसाठी. आपल्या भागातल्या प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांच्या बाजू घसरड्या असतात. आत पडलेल्या जिवाला वर येता येत नाही. काठाला बांधून आत सोडलेली जुनी दोरीची जाळी किंवा पोत्यांची पट्टी त्याला बाहेर काढते. खर्च काहीच नाही.

परस नसेल तरी हरकत नाही. पावसात खंड पडला आणि घरासमोरचे डबके पिल्लांसकट आटू लागले, तर पिल्ले उचलू नयेत. त्यातच बादलीभर शिळे पाणी हळूच ओतावे आणि अळ्यांवर लक्ष ठेवावे. पिल्लांना पाय फुटलेले असतील तर बहुधा एक-दोन आठवड्यांचाच प्रश्न असतो.