चीर देण्याआधीचं एक मिनिट

तुमच्या टीममध्ये नक्की किती माणसं आहेत? जरा थांबा आणि बोटांवर मोजा. आता हाच प्रश्न शेजारच्या डेस्कवरच्या माणसाला, किंवा तिकडे पुण्यातून रात्री जागून कॉलवर येणाऱ्या सहकाऱ्याला विचारला, तर तोच आकडा येईल?

बहुतेक नाही येणार. हार्वर्डचे रिचर्ड हॅकमन यांनी जन्मभर टीम याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यांनी आणि रूथ वेजमन वगैरे सहकाऱ्यांनी जगभरातल्या १२० वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या टीम तपासल्या. आपल्या टीममध्ये कोण कोण आहे, एवढ्या साध्या प्रश्नावर सगळ्यांचं एकमत असलेल्या टीम १० टक्केही निघाल्या नाहीत. आणि ही मंडळी कंपन्या चालवणारी होती बरं का!

या वेळच्या एपिसोडमध्ये आम्ही दोघं कामाच्या जागी वाटणाऱ्या (किंवा न वाटणाऱ्या) आपलेपणाबद्दल बोललो. त्यात ऑपरेशन थिएटरची गोष्ट घाईत उरकली गेली, म्हणून ती इथे नीट लिहितेय. तुम्ही डॉक्टर नसलात तरी वाचा. मीही नाहीये.

आधी माझीच फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका संशोधन प्रकल्पात होते. तीन शहरांत पसरलेली माणसं, आठवड्यातून एक व्हिडिओ कॉल, निम्म्यांचे कॅमेरे बंद. एकदा फ्रीजरमधल्या नमुन्यांची क्रमवारी बदलली गेली. नव्या आलेल्या तंत्रज्ञाला ते माहीत होतं. आम्हालाही माहीत असणार असं तो धरून चालला होता. शिवाय पहिल्या कॉलपासून त्याला कुणी नावानं हाक मारली नव्हती, मग मध्येच तोंड कसं उघडणार? मी तीन आठवडे चुकीच्या नमुन्यांवर काम केलं. भांडण नव्हतं, आळस नव्हता, कुणाचा हेतू वाईट नव्हता. फक्त आम्ही एकमेकांना कामापुरतेसुद्धा ओळखत नव्हतो.

माझे तीन आठवडे गेले. ऑपरेशन थिएटरमध्ये हेच झालं तर माणूस जातो. तिथली रचना तुम्हाला ओळखीची वाटेल. सर्जन, भूल देणारे डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ, शिकाऊ डॉक्टर असे सगळे एका टेबलाभोवती येतात. मोठ्या रुग्णालयात ही माणसं दर वेळी तीच नसतात. सकाळी एक जोडी, दुपारी दुसरी. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी. समोरच्याचं नाव माहीत नसताना त्याच्या हातात हात घालून काम करायचं.

जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रिया जास्त सुरक्षित कशा होतील हे शोधायचं काम अतुल गावंडे यांच्याकडे दिलं. बोस्टनचे सर्जन आणि लेखक म्हणून ते तुम्हाला माहीत असतील. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे, पुढे ओहायोत यूरॉलॉजिस्ट झाले. गावंडे आणि सहकाऱ्यांनी महागडं यंत्र सुचवलं नाही, तर एका पानाची तपासयादी केली. त्यात १९ गोष्टी आणि तीन थांबे: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी.

मधला थांबा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चीर देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. मग सर्जननं सांगायचं की अवघड भाग कुठला, किती वेळ लागेल, किती रक्त जाऊ शकतं. भूलतज्ज्ञानं सांगायचं की या रुग्णाबाबत आपल्याला कसली काळजी वाटते. नर्सनं सांगायचं की उपकरणं निर्जंतुक आहेत ना, काही कमी आहे का. संसर्ग टाळणारं अँटिबायोटिक गेल्या तासाभरात दिलंय की नाही, हेही तिथेच विचारायचं. सगळं मिळून एखाद-दोन मिनिटं.

२००७ ते २००८ मध्ये ही यादी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली: सिएटल, टोरांटो, लंडन, ऑकलंड, अम्मान, नवी दिल्ली, मनिला आणि टांझानियातलं इफाकारा. म्हणजे श्रीमंत रुग्णालयंही होती आणि साधनांची चणचण असलेलीही. यादी येण्याआधीचे ३,७३३ रुग्ण आणि नंतरचे ३,९५५ रुग्ण यांची तुलना झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, आणि मोठ्या गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर. जानेवारी २००९ मध्ये हे छापून आलं तेव्हा खळबळ उडाली. (एक गोष्ट लक्षात ठेवा: ही आधी-नंतरची तुलना होती, चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट नव्हते. त्यामुळे सगळं श्रेय यादीलाच देता येत नाही.)

त्यातला मला आवडलेला आकडा वेगळाच आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारलं, तेव्हा साधारण २० टक्के कुरकुरले की यात फार वेळ जातो. पण 'उद्या तुमचंच ऑपरेशन असेल तर ही यादी वापरलेली हवी का?' यावर ९३ टक्के हो म्हणाले.

आता नाव सांगण्यानं नक्की काय होतं? गावंडे आपल्या पुस्तकात म्हणतात की सुरुवातीलाच ज्याला बोलायची संधी मिळते, तो नंतर काही खटकलं तर बोलण्याची शक्यता वाढते. तोंड एकदा उघडलेलं असलं की दुसऱ्यांदा उघडायला कमी जोर लागतो. नुसत्या ओळखीपेक्षा हे मोठं आहे. तुम्ही प्रेक्षक नाही, या कामाची जबाबदारी तुमच्यावरही आहे, हे तुम्हाला तुमच्याच आवाजात ऐकू येतं.

एमी एडमंडसन यांचं काम इथे जोडून बघा. १९९० च्या दशकात त्या रुग्णालयांतल्या नर्सिंग टीम आणि औषधं देताना होणाऱ्या चुका यांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील हा साधा अंदाज. निघालं उलटंच! ज्यांचे आपसातले संबंध चांगले, त्यांच्याच नोंदीत चुका जास्त. नंतर उलगडा झाला तो असा की त्यांच्या हातून चुका जास्त होत नसाव्यात, त्या चुका लपवत नव्हत्या. बाकीच्या ठिकाणी भीतीनं सगळं झाकलं जात होतं.

हे आपल्याला जरा जास्तच लागू पडतं असं माझं मत आहे. आपल्यापैकी बरेच जण 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' हे ऐकत वाढलो. वर्गात हात वर केला तर 'आगाऊ'. मग परदेशात नोकरी लागते, व्हिसा त्या नोकरीला बांधलेला असतो, आणि चुकीचं बोलून बसण्यापेक्षा गप्प राहणं शहाणपणाचं वाटतं. त्यात नाव हृषीकेश किंवा ज्ञानदा असलं की पहिल्याच दिवशी समोरचा अडखळतो आणि आपण घाईघाईनं 'ऋषी चालेल', 'डी म्हणा' म्हणून मोकळे होतो. तुम्हाला खरंच चालत असेल तर प्रश्नच नाही. पण सगळ्यांनी आपलं नाव स्वतः म्हणायचा रिवाज असेल, तर ते पूर्ण म्हणायला जागा मिळते. सिडनीचे भूलतज्ज्ञ रॉब हॅकेट यांनी २०१७ च्या सुमारास थिएटरच्या टोपीवरच आपलं नाव आणि काम लिहायला सुरुवात केली. काही जण हसले, मग जगभर अनेकांनी ते उचललं.

आता समान ध्येयाची बाजू. भिंतीवर लावलेली ध्येयवाक्यं कुणी वाचत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तपासयादीत ध्येय फार साधेपणानं येतं: पहिल्याच थांब्यात रुग्णाला स्वतःलाच विचारतात की तुमचं नाव काय, ऑपरेशन कसलं, कुठल्या बाजूला. ज्याच्यासाठी सगळे जमलेत तो माणूस नावासकट समोर येतो.

समोर येण्यानं किती फरक पडतो, हे अॅडम ग्रँट यांनी मिशिगन विद्यापीठाच्या देणगी गोळा करणाऱ्या कॉल सेंटरमध्ये पाहिलं. काम कंटाळवाणं, नकार रोजचे. काही जणांना पाचेक मिनिटं अशा एका विद्यार्थ्याशी बोलायला मिळालं, ज्याचं शिक्षण त्याच पैशातल्या शिष्यवृत्तीवर चाललं होतं. महिन्याभरानं पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती. ज्यांनी विद्यार्थ्याचं नुसतं पत्र वाचलं त्यांच्यात तसा फरक नाही. प्रयोग छोटा होता, तेव्हा आकडे छातीठोकपणे सगळीकडे लावू नका. पण पत्र आणि माणूस यातला फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

इथवर गोष्ट गोड आहे. आता कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताकडे या. तिथे रुग्णालयांना ही तपासयादी वापरणं भाग पडलं. २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, यादीच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन महिने, मिळून दोन लाखांवर शस्त्रक्रिया. मृत्यूंचं प्रमाण ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्क्यांवर. म्हणजे ठामपणे सांगता येईल असा फरकच नाही. आणि कागदोपत्री तर यादी ९० टक्क्यांहून जास्त वेळा पाळली जात होती!

यावर बरीच वादावादी झाली. तीन महिने फार कमी, असं काहींचं म्हणणं. रुग्णसुरक्षेवर आयुष्यभर काम केलेले ल्यूशियन लीप यांनी सरळ लिहिलं की यादी बहुधा प्रत्यक्षात वापरलीच गेली नाही. खुणा झाल्या, बोलणं झालं नाही. मला लीप यांचं पटतं, कारण तुमच्या-माझ्या ऑफिसात रोज हेच चालतं. सकाळची स्टँडअप मीटिंग आठवा. 'काल हे केलं, आज हे करेन, अडचण काही नाही.' पुढचा. 'अडचण काही नाही.' पुढचा.

याच्या उलट अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा अनुभव. तिथे यादी हातात देऊन सोडून दिलं नाही. दोन महिने तयारी, मग थिएटर बंद ठेवून सर्जनपासून नर्सपर्यंत सगळ्यांना एकत्र बसवून दिवसभराचं प्रशिक्षण, आणि पुढे वर्षभर दर तिमाहीला पाठपुरावा. शस्त्रक्रियेआधी छोटी चर्चा आणि नंतर 'काय चुकलं, काय जमलं' याची दुसरी. २०१० मध्ये निकाल आले: प्रशिक्षण झालेल्या ७४ रुग्णालयांत मृत्यूदर १८ टक्क्यांनी घटला, न झालेल्या ३४ मध्ये ७ टक्क्यांनी.

म्हणूनच मला बोलिंग-पिझ्झावाल्या 'टीम बिल्डिंग'चं फारसं कौतुक नाही. पिझ्झा खावा, जरूर खावा. पण बोलिंगमध्ये कळतं ते कुणाचा हात चांगला आहे. सोमवारी कुणाला कसली भीती वाटतेय ते तिथे कळत नाही.

तुम्ही मॅनेजर नसलात तरी थोडं करता येतं. नव्या कामाच्या पहिल्या कॉलवर म्हणा, 'दोन मिनिटं नावं आणि कोण काय करतंय ते सांगूया का? मी सुरू करते.' 'अडचण आहे का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'नाही' हे ठरलेलंच असतं. विचारा, 'यात बिघडलं तर काय बिघडेल?' सगळ्यात ज्युनिअर माणसाला आधी बोलू द्या, कारण साहेब बोलून गेल्यावर बाकीचे फक्त मान डोलावतात. आणि ज्याच्यासाठी काम चाललंय असा एखादा खरा माणूस वर्षातून एकदा तरी कॉलवर आणा.

आमच्या आत्ताच्या गटात सोमवारी दहा मिनिटं हे चालतं. पहिले दोन महिने सगळे अवघडून बसायचे, एकदा तर मीच विषय गुंडाळला. मागच्या सोमवारी तीन आठवड्यांपूर्वीच रुजू झालेली मुलगी सगळ्यात आधी बोलली. 'फ्रीजर नंबर दोनच्या लेबलांची शाई पुसट होतेय,' म्हणाली, 'तुम्हाला माहीत असेलच, पण सांगून ठेवते.' कुणालाच माहीत नव्हतं.