बंद बोलीचे दुभाषी

गोंदिया जंक्शनवर पूर्वी मुंबई-हावडा मार्गाची रुंद गाडी आणि जबलपूरकडची अरुंद मापाची गाडी, दोन्ही येत. पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालत नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे. संगणकांचेही तसेच आहे. दोन संगणक तारेने जोडले म्हणजे ते बोलू लागले, असे होत नाही. बोलण्याचे नियम एक हवेत. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात.

काही प्रोटोकॉल सर्वांना खुले असतात, काही एखादी कंपनी स्वतःपाशी राखते. मग तिचाच माल घेणे भाग पडते. शाळेत निम्मे संगणक विंडोजचे आणि निम्मे लिनक्सचे असले, की एकावरची प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडायची कशी, हा प्रश्न गुरुजींपुढे येतो.

फाइली व छपाईयंत्र वाटून वापरण्याचा 'एसएमबी' हा प्रोटोकॉल १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मला. मायक्रोसॉफ्टने तो वाढविला. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल यांनी तारेवरून जाणारे संदेश टिपले. कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर येते, ते ताडून पाहिले. देवरीच्या बाजारात परक्या व्यापाऱ्याने ऐकून ऐकून गोंडी शिकावी, तसेच हे. जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी आपला प्रोग्रॅम लोकांपुढे ठेवला. तोच पुढे 'सांबा' झाला.

पण नुसत्या कानाने सारे कळत नाही. माहिती उघड करा, असा हुकूम युरोपीय आयोगाने २००४ साली मायक्रोसॉफ्टला दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला आणि त्याच डिसेंबरात १०,००० युरो भरून सांबाच्या मंडळींना कागदपत्रे मिळाली. आज ती कोणालाही वाचता येतात.

असा दुभाषी शोधताना यंत्राचे नाव नव्हे, प्रोटोकॉलचे नाव आणि आवृत्ती शोधावी. परवाना खुला आहे काय, दुरुस्त्या अजून होतात काय, हे पाहावे. एसएमबीची पहिली आवृत्ती मात्र बंदच ठेवावी. २०१७ साली वॉनाक्राय या घातकी प्रोग्रॅमने विंडोजमध्ये तिचीच फट धरून जगभरचे संगणक अडविले. फाइलींची प्रत बाजूला ठेवून आधी दोनच संगणकांवर चाचणी घ्यावी.

आणि नवे यंत्र घेताना विक्रेत्याला विचारावे, "याची बोली दुसऱ्या कोणाला येते काय?" उत्तर 'नाही' असेल, तर यंत्राबरोबर आपण त्याचा दावाही गळ्यात बांधून घेतो आहोत, असे समजावे.