यादीतलं नाव, सातबाऱ्यावरचं नाव

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची मतदारयादी तयार होत होती, तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी नाकारल्या आणि सुमारे 28 लाख स्त्रिया, बहुतेक उत्तरेकडच्या, मतदानाला मुकल्या. निर्णय कठोर होता, तरी मला तो बरोबर वाटतो. मत जिचं, नाव तिचंच हवं.

आपल्याकडे 1921 सालीच मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मताधिकार दिला होता. पण त्याला मालमत्तेची अट होती, म्हणजे शेतमजूर बाई बाहेरच. ती अट संविधानाने काढली. गावच्या कारभारात मात्र बाई दिसेना. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तिथेही एखाद-दुसरी स्त्री स्वीकृत सदस्य म्हणून यायची.

खरी उसळी शेतातून आली. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. त्यानंतर 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेडा इथे संपूर्ण ग्रामपंचायत बायकांची निवडून आली. तेव्हा आजच्यासारखं आरक्षण नव्हतं, हे विसरू नये. पुढे संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत विटनेरच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. मतदारयादीतलं नाव सातबाऱ्यावर चढलं. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

कायदा मागून आला, पण आला. 1990 मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी 30 टक्के जागा राखल्या, 73व्या घटनादुरुस्तीने 1993 मध्ये देशभर एक तृतीयांश झाल्या, 2011 मध्ये महाराष्ट्राने निम्म्या केल्या.

तरतुदींच्या बारीक अक्षरांत मात्र अजून काटे आहेत. राखीव प्रभाग आळीपाळीने बदलतो. पाच वर्षं खपून जी बाई दाखले, निविदा, पाणीपुरवठ्याचे हिशेब शिकली, तिचा प्रभाग खुला होतो आणि गाव म्हणतं, ‘आता कशाला?’ सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं तर पद जातं. मुलं किती हवीत हे ज्या घरात तिला कुणी विचारत नाही, त्या घरातली बाईसुद्धा त्यात अपात्र ठरते. याचा फेरविचार व्हायलाच हवा.

आणि एक तरतूद अशी की तिच्यासाठी कायदा करणाऱ्यांना दुवा द्यावा. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यावी लागते. जिथे ती मनापासून भरते, तिथे पाणी, रेशन, अंगणवाडी हे विषय आधी निघतात. दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागणारा अर्जही अशा बैठकांतच आकाराला येतो. मग एका दिवशी मतपत्रिकेवर उभी बाटली (दुकान चालू) आणि आडवी बाटली (दुकान बंद) अशी दोन चिन्हं असतात, आणि बायका रांगेत उभ्या राहतात.