आपल्याच खोडात ओवलेली फांदी

सुईत दोरा जाईना, की टोक ओलं करून पीळ द्यायचा. जपानी मेपलच्या बोन्सायमध्ये मात्र दोरा म्हणजे त्याच झाडाची जिवंत काडी, आणि नेढं त्याच झाडाच्या खोडात गिरमिटाने पाडलेलं. काडीवरचे डोळे शेंड्याकडे झुकलेले असतात. त्यामुळे ती पुढे सरकते. जरा मागे ओढली, की डोळे भोकाच्या कडेला अडकून मोडतात.

एवढा खटाटोप का? हिवाळ्यात पानं झडलेला मेपल मुद्दाम बघायची जपान्यांची आवड जुनी. अशा उघड्या झाडावर कुठे फांदी कमी असेल, तर ते लपत नाही. आणि जून खोडाला आपल्याला हवा तिथे डोळा फुटेल, याचा भरवसा नसतो.

ओवायची वेळ हिवाळा सरता सरता, डोळे फुगण्याआधीची. तेव्हा ते काडीला चिकटून असतात, म्हणून भोक बारीक चालतं. मेपलचे डोळे समोरासमोर जोडीने येतात. दोन्ही फुगले, तर भोक उगाच मोठं पाडावं लागतं. दुसरी संधी उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पालवी जून झाल्यावर, काडीवरची पानं खुडून. मला पहिलीच वेळ बरी वाटते. खुडायचं कामच नाही.

भोक पाडायला सुरुवात फांदी हवी त्या बाजूने करावी, म्हणजे तिथली कड स्वच्छ राहते. काडी ओवल्यावर डोळ्यांची पहिली जोडी खोडाबाहेर लगेच दिसली पाहिजे. ती लांब गेली, तर फांदी नुसती काठीसारखी वाढते. मग टूथपिकची पाचर मारून काडी घट्ट करायची आणि दोन्ही तोंडं लेप लावून बंद करायची.

यापुढचं काम झाडाचं. सालीखाली विभाजी पेशींचा अगदी पातळ थर असतो. काडीचा आणि खोडाचा थर एकमेकांना भिडल्याशिवाय सांधा होत नाही, आणि ओवताना ते भिडलेले नसतात. काडी वाढते, जाड होते, भोकात कोंडली जाते. त्या दाबाने थर जुळतात. तोवर तिला अन्नपाणी जुन्या वाटेने मिळतच असतं. कोकणातल्या आंब्याच्या भेट कलमासारखंच हे: जोड धरल्यावरच तोडायचं. फरक एवढाच, की इथे भेटणारे दोघे एकाच मुळावरचे.

जोड धरल्याची खूण डोळ्यांना दिसते. बाहेर पडलेला भाग जाड होतो, आत शिरणारा बारीकच राहतो. पानांत तयार झालेलं अन्न आता वळसा न घेता थेट खोडात उतरतं. मागच्या तुकड्याच्या वाट्याला फारसं काही येत नाही. असा फरक दिसायला एक हंगाम लागतो, कधी दोन.

तरी एका घावात तोडू नये. आत शिरणारा तुकडा आधी अर्धाच कापावा आणि काही दिवस दुपारच्या उन्हात पानांवर नजर ठेवावी. माना टाकल्या, तर तिथेच थांबावं. ताठ राहिली, तर उरलेला अर्धा कापून खुंट सालीबरोबर साफ करावा आणि वर लेप लावावा.