तळव्यांचं दुखणं आणि फेटाळलेला दावा

अमेरिकेत निवृत्त सैनिकाचा सपाट तळव्यांबद्दलचा भरपाईचा दावा माजी सैनिक खात्याने फेटाळला, तर दाद मागायला साधारण वर्षभर मिळतं. २०१९पासून वाटा तीन आहेत: नवा पुरावा जोडून पूरक दावा, त्याच कागदांवर वरिष्ठाकडून फेरतपासणी किंवा थेट अपील मंडळ. खरी मेख भरतीच्या वैद्यकीय तपासणीत असते. तळवे सपाट असल्याची नोंद तेव्हाच झाली असेल, तर सेवेत दुखणं वाढलं हे दाखवावं लागतं. मंडळाकडे धावण्याआधी डॉक्टरांचं सकारण पत्र मिळवलेलं बरं. दुखण्याचा सेवेशी संबंध असण्याची शक्यता निम्मी असली तरी पुरते. पारडी समान असतील तर कौल सैनिकाच्या बाजूने जातो. नुसतं ‘संबंध असू शकतो’ असं मोघम पत्र मात्र सहसा टिकत नाही.