टर्बोच्या मोटारीला कोणते काटे लावावेत?

थंडीच्या दिवसांत निफाडच्या माणसाला पहाटे उठल्याबरोबर पहिली उत्सुकता असते ती पारा किती उतरला याची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा कळल्याशिवाय द्राक्षबागाईतदाराला चहा गोड लागत नाही. कारण बागेत शेकोट्या पेटवायच्या की नाहीत हे त्या आकड्यावर ठरते. नुसते "गारठा फार आहे" म्हणून भागत नाही. किती आहे, हे कळावे लागते. परंतु हाच गृहस्थ आपल्या मोटारीत बसला म्हणजे एका लहानशा लाल दिव्यावर विसंबून कसारा घाट चढून येतो, याचे आम्हांस नेहमी नवल वाटत आले आहे.

व्याख्यानमालेत हा मेस्त्रीकामाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली, त्यांचा जन्म १८४२ साली याच निफाडात झाला. उद्योगधंद्यांच्या प्रश्नाला त्यांनी कधी कमी लेखले नाही. आणि आज आपल्या तालुक्यात टर्बोचे इंजिन नाही अशी डिझेल गाडी शोधून काढावी लागेल. २००२ साली स्कॉर्पिओ आली ती आपल्या नाशिकच्याच कारखान्यातून. तेव्हा विषय घरचाच आहे.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात बरीच शक्ती फुकट जात असते. त्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, आणि हवा जास्त गेली म्हणून इंधनही जास्त जाळायचे, अशी ही युक्ती. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने तिचे पेटंट १९०५ साली घेतले. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तरंगत असतो तेलाच्या पातळ थरावर. एका बाजूस लालबुंद होण्याइतकी उष्णता, दुसऱ्या बाजूस हवेचा दाब, आणि मध्ये तेल. म्हणजे विचारण्याजोगे प्रश्न तीनच राहतात : हवेचा दाब किती, धुराची उष्णता किती, तेलाचा दाब किती? १९६२ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या पहिल्या टर्बो मोटारींपैकी शेव्हरोले कॉर्व्हेर स्पायडरच्या फळीवर हवेच्या दाबाचा काटा कारखान्यातूनच बसवलेला होता. पुढे टर्बो सर्रास झाला आणि काटे मात्र फळीवरून नाहीसे झाले.

जे उरले तेही पुरते खरे बोलतात असे नाही. पुष्कळ गाड्यांत पाण्याच्या उष्णतेचा काटा मुद्दाम असा जुळवलेला असतो की, सुमारे ७५ अंशांपासून १०५ अंशांपर्यंत तो मध्यावरच स्वस्थ उभा राहतो, मालकाला उगाच घोर नको म्हणून! तेलाचा लाल दिवा तर दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर पेटतो. घाटात पूर्ण भाराने चाललेल्या इंजिनाला तीन-चार बार दाब लागतो. तो तीनाचा एक झाला तरी दिवा गप्पच असतो. पेटतो तेव्हा दांड्याचे काम बहुधा आटोपलेले असते. म्हणून साध्या डिझेल गाडीला एकच जादा काटा लावायचा असेल, तर तो तेलाच्या दाबाचा लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुकानात मात्र गिऱ्हाईक बूस्टचा काटा मागते, कारण तो पाय दाबताच नाचतो. तेलाचा काटा कंटाळवाणा असतो, आणि तो कंटाळवाणा राहावा हेच आपल्याला हवे असते.

बूस्टचा काटा निरुपयोगी आहे असे मात्र नव्हे. घोटीपासून नेहमीच्या चढावर, नेहमीच्या गिअरमध्ये तो रोज सव्वा बार दाखवीत असेल आणि आज पाऊण बारच दाखवू लागला, तर इंटरकूलरकडे जाणारी रबरी नळी कोठेतरी फाटली आहे किंवा तिचा क्लँप सैल झाला आहे, हे गाडी काळा धूर सोडू लागण्यापूर्वीच कळते. नेहमीपेक्षा दाब वाढला, तर टर्बोची दाब आवरणारी झडप किंवा पाती अडकली असावीत.

हा काटा विकत घेताना पेट्रोल व डिझेल यांतील भेद ध्यानात ठेवावा. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. ती मिटली की आत निर्वात होतो. म्हणून त्या गाडीला शून्याच्या खालीही दाखवणारा काटा लागतो. डिझेल गाडीत असा निर्वात जवळजवळ नसतोच. तेथे तोच काटा लावला तर अर्धी तबकडी जन्मभर रिकामी राहते. डिझेलला शून्य ते दोन बारचा काटा घ्यावा. फार मोठ्या मापाचा घेऊ नये, कारण काट्याची चूक पूर्ण तबकडीच्या शेकड्यात सांगितलेली असते. चार बारच्या काट्यात शेकडा दोनची चूक म्हणजे आठ शतांश बार. दोन बारच्या काट्यात ती निम्मी. रोजचे काम तबकडीच्या मध्यावर यावे, हा हिशेब फवारणीचा पंप वापरणाऱ्यांना नवा नाही. मापांची गल्लतही होऊ देऊ नये : एक बार म्हणजे साडेचौदा पौंड, आणि पंपावरचा एक किलो म्हणजे जवळजवळ एक बारच.

अलीकडच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा टाचण्यांचे एक खोबण असते. त्यात स्वस्तातले वाचकयंत्र खोचले की पाण्याची खरी उष्णता आणि हवेचा दाब मोबाइलवर दिसतो. पुष्कळांचे काम एवढ्याने भागेल. वायर तोडण्याची आणि वॉरंटीचा वाद ओढवून घेण्याची गरजच नाही. फक्त तेथे दिसणारा दाब बहुधा निखळ, म्हणजे वातावरणाचा दाब धरून असतो. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तर समुद्रकाठी १०१ किलोपास्कल दिसेल, आणि आपले गाव साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंच असल्याने येथे ९५ च्या जवळ. तो आकडा वजा केला की उरतो तो टर्बोचा. तेलाचा दाब मात्र या खोबणीतून बहुधा मिळत नाही. कारण गाडीत त्याचे माप घेणारे काहीच नसते, असते ते दिव्याचे बटण.

आता आमची एक फजिती सांगतो. आम्ही तेलाचा काटा एका दुकानातून घेतला आणि त्याचा सेन्डर, म्हणजे इंजिनावर बसणारा भाग, स्वस्त मिळाला म्हणून दुसरीकडून. मेस्त्रीने दोन्ही जोडले. काटा पहिल्या दिवसापासून टेकलेला होता तो वरच्या टोकाला. आम्ही खूश, इंजिन ठणठणीत! एके रात्री इंजिन बंद करून नुसती चावी लावून रेडिओ ऐकत बसलो असता लक्ष गेले : इंजिन थांबलेले आणि काटा पूर्ण दाबावर! उलगडा असा की, काही सेन्डरांचा विद्युत्-रोध शून्य दाबाला १० ओहम असतो आणि दाबाबरोबर १८० पर्यंत वाढतो. अमेरिकी पद्धतीच्या सेन्डरांचा तो शून्याला २४० असतो आणि दाबाबरोबर ३३ पर्यंत उतरतो. आमचा काटा पहिल्या जातीचा आणि सेन्डर दुसऱ्या. तेल जितके कमी, तितका आमचा काटा वर जाणार होता. खोटा काटा हा काटा नसण्याहून वाईट, कारण तो लावल्यापासून आम्ही लाल दिव्याकडेही पाहणे सोडले होते.

म्हणून काटा आणि सेन्डर एकाच घराण्याचे घ्यावेत, आटेही गाडीच्या आट्यांशी जुळवून पाहावेत आणि लावण्यापूर्वी परीक्षा करावी. पाणी किंवा तेल यांच्या उष्णतेचा सेन्डर उकळत्या पाण्यात धरावा. निफाडात पाणी १०० ला नव्हे, ९८ च्या सुमारास उकळते, हे विसरू नये. बूस्टचा काटा इंजिनाला जोडण्याआधी टी-जोड लावून सायकलच्या पंपाने आणि टायरच्या गेजने ताडून पाहावा. सेन्डरच्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे वेढे भरमसाट देऊ नयेत. अर्थिंग इंजिनातूनच मिळत असले तर तेच तुटते. बारीक नळीने गरम तेल थेट केबिनमध्ये आणणारे यांत्रिक काटे मात्र घेऊच नयेत. नळी सुटली तर ते तेल चालकाच्या पायावरच यायचे.

धुराच्या उष्णतेचा काटा हा खर्चाचा मामला आहे. त्यात दोन निराळ्या धातूंच्या तारांचे टोक जोडलेले असते. ते तापले की अत्यल्प वीज निर्माण होते. ते टोक टर्बोच्या अलीकडे, मॅनिफोल्डमध्ये बसवावे लागते. पलीकडे बसवले तर भाराखाली शंभर-दोनशे अंश कमी दिसतात आणि मन फसवे निर्धास्त होते. भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवलाच पाहिजे, नाहीतर लोखंडाचा एक कीस टर्बोच्या पात्यांत जाऊन सगळ्याची वाट लावील. जुन्या, ट्रकसारख्या डिझेल इंजिनांना सतत ७०० अंशांच्या वर जाऊ न देण्याचा प्रघात आहे. नव्या गाड्यांची मर्यादा निर्मात्याकडून समजून घ्यावी. रोज भरल्या पिकअपने वाशीच्या बाजारात जाऊन परतीला खताच्या गोणी घेऊन घाट चढणाऱ्याने, किंवा ट्रॉली ओढणाऱ्याने, हा खर्च करावा. ज्याची गाडी नाशिकला जाऊन येते, त्याने करू नये.

काही मंडळी आधी काटा लावतात आणि मग काटा पुढे सरकावा म्हणून दाब वाढवून घेतात. नुसत्या काट्याने गाडीच्या नोंदीत फरक पडत नाही. इंजिनाच्या मूळ स्वरूपात बदल करणे ही गोष्ट वेगळी, आणि तिला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम लागते. शिवाय वाढलेली उष्णता कायद्याची वाट पाहत नाही.

काटे दोनच असले तरी पुरे. तीनाहून अधिक तर नकोतच. ५२ मिलिमीटरचे माप सर्वत्र मिळते. काचेच्या बाजूच्या खांबावर ते शोभतात खरे, पण पुष्कळ गाड्यांत त्या खांबाच्या आवरणात एअरबॅगची उशी दडलेली असते. ती फुटली तर काटाच चालकाच्या तोंडावर यायचा. फळीवर, रस्त्यावरून नजर फारशी न हलवता दिसेल अशा जागी ते बसवावेत, वायरीत फ्यूज घालावा आणि रात्री दिवा मंद करता येतो की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे. मग पहिल्याच आठवड्यात एका वहीत टिपून ठेवावे : थंड इंजिनावर तेलाचा दाब किती, तापल्यावर रिकाम्या चालीत किती, घाटात किती, बूस्ट किती. पुस्तकातला आकडा कोणत्याही गाडीचा असू शकतो. वहीतला आपल्याच गाडीचा असतो.