अवर्षणसहिष्णू भातवाण आणि नंदुरबार जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात भाताचे पीक प्रामुख्याने नवापूर तालुक्यात व डोंगराळ पट्ट्यात आढळते. ते बहुतांशी पावसावर अवलंबून असल्याने येथे पाऊस किती पडतो यापेक्षा तो केव्हा थांबतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. फुलोऱ्याच्या वेळी पाण्याचा ताण पडल्यास लोंबी पूर्णपणे बाहेर पडत नाही, परागीकरण बिघडते आणि दाणे पोचट राहतात.

वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राच्या ‘इंद्रायणी’ वाणास पक्व होण्यास सुमारे १३५ ते १४० दिवस लागतात. याउलट हजारीबाग येथील केंद्र व फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांच्या सहकार्यातून निर्माण झालेला ‘सहभागी धान’ सुमारे १०५ ते ११० दिवसांत तयार होतो. तथापि लवकर पक्व होणे म्हणजे अवर्षण चुकविणे होय. ते सोसणे ही वेगळी क्षमता आहे. पूर्वी पैदासकार मुळांची खोली, पानांची गुंडाळी अशा लक्षणांवरून निवड करीत. पुढे पिकास मुद्दाम ताण देऊन थेट उत्पादनावरच निवड करण्याची पद्धत पुढे आली. २००७ मध्ये ‘वंदना’ व इंडोनेशियातील ‘वे रारेम’ यांच्या संकरात, बाराव्या गुणसूत्रावर, ताणातही उत्पादन टिकविणारा जनुकीय भाग आढळला. विशेष म्हणजे तो अवर्षणास बळी पडणाऱ्या ‘वे रारेम’कडून आलेला होता! मे २०२५ मध्ये तर जनुक-संपादित ‘पुसा डीएसटी राईस १’ जाहीर करण्यात आला.

मात्र पूर्व भारतातील आम्लधर्मी जमिनीत यशस्वी ठरलेला वाण येथे जसाच्या तसा आणणे प्रस्तुत लेखकास धोक्याचे वाटते. चिखलणी न करता पेरलेल्या भाताला चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह उपलब्ध होत नाही व रोपे पिवळी पडतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पेरसाळीसाठी विकसित केलेला ‘प्रभावती’ लोहाची ही कमतरता सहन करतो. म्हणून संकरासाठी त्याचा विचार अगत्याने व्हावा. शिवाय बुटक्या, हळव्या वाणांपासून पेंढा कमी मिळतो. ज्या घरी बैलजोडी आहे, तेथे ही उणीव लहान नाही. त्यामुळे चाचणीचे प्रक्षेत्र शेतकऱ्याच्याच बांधात असावे, स्थानिक वाण त्यात तुलनेसाठी घ्यावेत आणि धान्याबरोबर पेंढ्याचेही वजन नोंदवावे.